स्वस्त घराचा सातबारा

(नाशिक रोड येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे. मध्ये झालेली प्रश्नोत्तरं तेवढी गाळली आहेत.)



मला विषय दिलाय 'दलित तरुण आणि जमिनीचा प्रश्न'. एवढ्या लांब नावाच्या विषयावर बोलायची माझी छाती नाही. त्यावर बोलणारे विद्वान आहेत, ते बोलतात, टाळ्या घेतात आणि आपापल्या फ्लॅटात झोपायला जातात. मी एका घराबद्दल बोलणार आहे. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं संडास. किंमत साडेचार लाख.

आपल्याच वस्तीतला पोरगा. नाव घेत नाही, तो इथंच बसलाय खाली मान घालून. मान वर कर रे, तू काही चोरी केलेली नाहीस. सिन्नरच्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला आहे. बायको, एक पोरगी, म्हातारी आई, चौघं दहा बाय बाराच्या खोलीत भाड्यानं राहतात. एका रविवारी विहारात आला आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. म्हणाला, "काका, हे बघा. साडेचार लाखांत घर. स्वतःचं." फोटोत पिवळं घर, दारात तुळशीऐवजी अशोकाचं झाड, वर निळा झेंडा. खाली लिहिलेलं, 'समृद्धी महामार्ग अर्ध्या तासावर'. म्हटलं, झेंडा कुणी लावला? म्हणाला, दलालानं. आपलाच माणूस आहे, चौदा एप्रिलला वर्गणी देतो.

इथंच माझ्या कानात घंटा वाजली. नाशिक रोडला जेल रोडच्या आतल्या गल्लीत एक खोली आणि स्वयंपाकघर घ्यायचं म्हटलं तरी साडेचार लाखांत दाराची चौकट येत नाही. मग सिन्नरच्या पलीकडं का होईना, दोन खोल्या, अंगण, संडास एवढ्यात कसं देतो? विटा त्याला फुकट मिळतात का? सिमेंट फुकट? गवंडी फुकट? घराला जे लागतं त्यात फुकट मिळण्यासारखी एकच गोष्ट असते. जमीन. आणि जमीन फुकट कुणाची मिळते, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक?

पण तेव्हा मी हे बोललो नाही. नुसता संशय घेऊन पोराच्या स्वप्नावर पाणी ओतायचं, हे बरं नव्हे. म्हटलं, चल, बघून येऊ. तर हा म्हणाला, दलाल गाडी पाठवतो. मी म्हटलं, गाडी नको, एस.टी.नं जाऊ. आणि पोरांनो, ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा. दलालाच्या गाडीतून गेलात तर गाव दिसत नाही, दलाल सांगतो तेवढंच दिसतं. एस.टी. तुम्हाला फाट्यावर सोडते. फाट्यापासून चालावं लागतं. चालताना माणसं भेटतात.

गावाचं नाव सांगत नाही, अर्ज चालू आहे. पूर्व सिन्नरचा दुष्काळी पट्टा, एवढं सांगतो. वैशाखाचे दिवस होते. अकरा घरांची एक ओळ, सगळी पिवळी. दलालानं त्या जागेला इंग्रजी नाव ठेवलंय, हिरव्या दरीचं. हिरवं तिथं एक निवडुंगसुद्धा नव्हतं.

घर बाहेरून झकास. आत गेलो. या पोराला रंग दिसत होता, मी खाली फरशी बघत होतो. मागच्या खोलीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरपी चीर गेलेली. वर सिमेंट घोटून बुजवलेली, पण पायाला लागत होती. खिशातलं नाणं काढून भिंतीच्या पायथ्याशी ठोकलं, बद्द आवाज. मागं जाऊन पाहिलं तर अंगणाची एक बाजू बशीसारखी खाली बसलेली. तिथं कधीतरी खड्डा होता आणि तो भरून वर जोतं उचललंय, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. विजेचा मीटर होता, पण अकरा घरांना मिळून एक, आणि तो कुणा तिसऱ्याच्याच नावावर. नळ होता. तोटी फिरवली तर आतून कोळी निघाला.

मग आम्ही पिठाच्या गिरणीत गेलो. गावात चौकशी करायची तर ग्रामपंचायतीत आधी जाऊ नका, गिरणीत जा. दळण घेऊन बसलेल्या बाया खोटं बोलत नाहीत, त्यांना त्यात काही मिळायचं नसतं. मी विचारलं, ती पिवळी घरं कशी आहेत? एक म्हातारी म्हणाली, "हाडोळ्यातली व्हय? तुमच्या आधी दोघांनी घेतलं व्हतं ते कडंचं घर. एक पावसाळा राह्यले आन् गेले."

दुसरी म्हणाली, "हिरीवर बांधलंय ना ते. म्हारांची हीर व्हती तिथं. बुजवली."

बोलल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पदर पुढं ओढला. मी काही बोललो नाही. मला राग त्या शब्दाचा आला नाही. माझ्या डोक्यात पहिला शब्द घुमत होता. हाडोळा.

तुमच्यापैकी किती जणांनी हा शब्द ऐकलाय? हात वर करा. दोन. तीन. बघा. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी रोज असलेला शब्द, आणि तीस पोरांत तिघांना माहीत. हाडकी-हाडोळा म्हणजे महाराला गावकीच्या कामापोटी मिळालेली जमीन. वतन. मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, पाटलाच्या मागं पळायचं, रात्री गस्त घालायची, त्याबद्दल गावाच्या कडेचा हा तुकडा. दलालानं बोर्डावर कोणतंही इंग्रजी नाव लिहू दे, गावाच्या तोंडात जमिनीचं नाव तेच राहतं. म्हणून म्हणतो, जमिनीचं गावातलं नाव विचारा. हाडोळा, गायरान, देवाची इनामं, ठाकरांची पट्टी, कातकऱ्यांचा माळ, या नावांतच निम्मा सातबारा असतो.

आणि एक सांगतो. गावाची शीव कुठून कुठं जाते हे कुणाला विचारायचे? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा लागला तर महाराची साक्ष धरायचे. कोणता बांध कुणाचा, कोणता दगड कुणी सरकवला, हे आपल्या पणजोबाला पाठ असायचं. कागद नव्हता तेव्हा कागद तोच होता. पुढं कागद आला आणि आपण अंगठेबहाद्दर ठरलो. आता आपण शिकलो, पदव्या घेतल्या, आणि सातबारा समोर आला की म्हणतो, काका, यातलं काही कळत नाही.

तर कागदाकडं येऊ. दलालानं पोराला दोन कागद दाखवले होते. एक, ग्रामपंचायतीचा नमुना आठ. दुसरा, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार. आणि करार करताना पोरानं एक्कावन्न हजार इसार रोख दिला होता. हे मला गिरणीतून परत येताना सांगितलं! आधी पैसे दिले, मग काकाला विचारलं. असो.

नमुना आठ हा घरपट्टीचा उतारा आहे. या घराची पट्टी कोण भरतो, एवढंच तो सांगतो. त्यानं मालकी ठरत नाही. गायरानात झोपडी टाकली तरी ग्रामपंचायत पट्टी लावते. आणि नोटरी? नोटरी म्हणजे तुम्ही तिच्यासमोर सही केलीत याचा दाखला. शंभर रुपयांपुढची स्थावर मिळकत विकायची तर दुय्यम निबंधकाकडं नोंदलेलं खरेदीखत लागतं. नुसत्या साठेखतानं किंवा कुलमुखत्यारपत्रानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली 'सूरज लॅम्प' खटल्यात स्पष्ट सांगितलंय. दलालाला हे माहीत नसतं असं समजू नका. खरेदीखत करायला गेलं की पहिला प्रश्न येतो, जमीन कोणत्या शर्तीची? तो प्रश्न त्याला नको असतो. म्हणून नोटरी.

गट नंबर मिळवला, सातबारा काढला. आता तो मोबाईलवरही निघतो. वर लिहिलेलं, भोगवटादार वर्ग 2. हे दोन शब्द आणि एक आकडा वाचायला शिका, बाकी इंग्रजी-बिंग्रजी नंतर शिका. वर्ग 1 म्हणजे मालक आपल्या मर्जीनं विकू शकतो. वर्ग 2 म्हणजे सरकारची शर्त आहे, परवानगीशिवाय विकता येत नाही. तलाठ्याकडं गाव नमुना 1-क नावाची वही असते, त्यात गावातल्या सगळ्या वर्ग 2 जमिनी लिहिलेल्या असतात. आम्ही ती मागितली. तिथं जुन्या अक्षरात, 'महार वतन, नवीन व अविभाज्य शर्त'. सातबाराच्या इतर अधिकारात मात्र हा शेरा नव्हता. कुठं गेला? पूर्वी सातबारा ठरावीक वर्षांनी हातानं पुन्हा लिहून काढायचे. लिहिणाऱ्याच्या हातून शेरा गळायचा. कधी झोपेत गळायचा, कधी जागेपणी. म्हणून नुसता आजचा सातबारा बघू नका. फेरफार बघा, मागं मागं जा, जिथं पहिलं नाव लागलंय तिथपर्यंत जा.

आम्ही गेलो. तहसीलच्या अभिलेख कक्षात तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला जुना फेरफार हातात आला. कागद असा की बोट लावलं तर तुकडा पडेल. त्यावर एका माणसाचं नाव, नावापुढं जात, आणि 'वतन खालसा, रिग्रँट'.

हे रिग्रँट काय, ते थोडं सांगायला पाहिजे. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं बिल आणलं. त्यांचं म्हणणं, ही वतनं म्हणजे गुलामीचा साखळदंड आहे, थोड्या जमिनीच्या आशेवर अख्खी जात गावाच्या दाराशी बांधून ठेवलीय. गावकी तोडा, पण जमीन कसणाऱ्याकडं राहू द्या. तेव्हा ते झालं नाही. उलट सरकारनं वतनी जमिनीवरची जुडी वाढवली, तर त्याविरुद्ध ऑगस्ट 1941 मध्ये परिषद कुठं भरली? आपल्या सिन्नरला. इथून जवळच. बाबासाहेब स्वतः आले होते. ज्या पट्ट्यात हा दलाल आज साडेचार लाखांना घर विकतोय, त्याच पट्ट्यातली माणसं चालत त्या परिषदेला गेली असतील. पुढं 1958 साली कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा झाला, 1 ऑगस्ट 1959 पासून लागू झाला. गावकी संपली. जमीन ठरावीक रक्कम भरून पुन्हा त्याच वतनदाराला दिली, तेच रिग्रँट. पण शर्त घातली, जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय आणि सरकार ठरवील तो नजराणा भरल्याशिवाय विकायची नाही, वाटायची नाही. हेतू चांगला, सावकाराच्या घशात जाऊ नये.

आता नीट ऐका, घर स्वस्त का पडतं याचं उत्तर इथं आहे. शर्तीची जमीन सरळ मार्गानं विकायला गेलं तर मोठा नजराणा भरायचा, बिगरशेतीसाठी बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो. त्यावर परवानगीसाठी वर्षानुवर्षं खेटे. गरीब वतनदाराला दोन्ही झेपत नाही. मग दलाल येतो. म्हणतो, तुला ही जमीन विकता येत नाही, तुझ्या काही कामाची नाही, मी धोका पत्करतो, हे घे चाळीस हजार, इथं अंगठा कर. मालकाला जमीन नाइलाजानं मातीमोल वाटायला लागते. दुसऱ्या टोकाला आपल्यासारखा भाडेकरू, त्याला साडेचार लाखांत घर म्हणजे लॉटरी वाटते. दोन्ही टोकांना आपलीच माणसं. एकाला जमिनीची किंमत कळू दिली नाही, दुसऱ्याला धोका कळू दिला नाही. मधला जो फरक, तो त्याचा. शर्त घातली सावकारापासून वाचवायला, आणि त्याच शर्तीच्या जोरावर दलाल भाव पाडतो.

हे काही सिन्नरच्या माळावरच होतं असं नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या चाळीसेक एकर महार वतनाच्या जमिनीचं प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. ती जमीन सरकारच्या नावावर. व्यवहार तीनशे कोटींचा, जमिनीचा बाजारभाव अठराशे कोटी असल्याचा विरोधकांचा आरोप, विकत घेणारी कंपनी एका बड्या राजकीय घराण्यातली, आणि भरलेलं मुद्रांक शुल्क किती? पाचशे रुपये. आरडाओरडा झाला, व्यवहार रद्द करतो म्हणाले, चौकशी लागली. मूळ वतनदारांची शेकडो नावं कुलमुखत्यारपत्रात होती, त्यातल्या किती जणांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिली असेल? पाचशेचा आकडा वाचला तेव्हा मला हसू आलं. आमच्या पोराचा स्टॅम्पही पाचशेचाच.

बरं, त्या जुन्या फेरफारावर ज्याचं नाव होतं तो माणूस मेल्यावर वारस लागले. दोन मुलगे. थोरल्याच्या नावापुढं 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. मुलींची नावं नाहीत. मी तलाठ्याला विचारलं, याला मुली नव्हत्या का? तो म्हणाला, जुना काळ, तेव्हा मुलींची नावं कोण लावायचं? मी म्हटलं, कायदा लावायचा. 1956 च्या वारसा कायद्यात मुलगी वारस आहे, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. तलाठी म्हणाला, तुम्ही वकील आहात का? म्हटलं, नाही, मी विहारात लोकांची कागदपत्रं वाचून दाखवतो.

थोरल्याचा नातू कल्याणला असतो. त्यानंच दलालाला कुलमुखत्यार करून दिलंय. चाळीस हजार घेतले. बापाच्या दवाखान्यासाठी घेतले असं ऐकलं, मी त्याला शिव्या देणार नाही. धाकट्याचा वंश खुंटला. मुली किती, कुठं दिल्या, हे कागदात नव्हतं. ते शोधायला पुन्हा गिरणी. त्या पदरवाल्या बाईनंच सांगितलं, "एक इकडं नाशिक रोडला दिली व्हती. नवरा छापखान्यात व्हता तिचा."

तुम्ही म्हणाल, असा योगायोग गोष्टीतच होतो. योगायोग नाही हा. नाशिक रोडच्या आपल्या वस्त्या भरल्या कुठून? सिन्नर, निफाड, दिंडोरी, इगतपुरीच्या गावकुसाबाहेरून. 1920 च्या दशकात इथं सरकारी छापखाने आले, रेल्वे होती, देवळालीची छावणी होती, पुढं एकलहऱ्याचं वीज केंद्र. गावकी सोडून निघालेला माणूस इथं येऊन हमाली करायचा, नाहीतर झाडू मारायचा, आणि नशीब असलं तर छापखान्यात चिकटायचा. ज्या घरात नोटा छापायला माणूस जायचा त्या घरातल्या बाईच्या बापाची जमीन गावात पडून होती, आणि तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. आठ दिवसांत म्हातारी सापडली. आपल्याच मागच्या गल्लीत. हा पोरगा लहानपणी तिच्या ओट्यावर खेळलाय.

मी आणि तो, दोघं गेलो. मी विचारलं, "आजी, तुमच्या माहेरी जमीन होती का?"

"जमीन कसली बाबा. हाडोळा व्हता."

"किती?"

"ते काय ठाव. पर हीर व्हती त्यात. आमच्या बापानं खांदली व्हती, चुलत्याला संगं घिऊन. गावच्या हिरीवर आमाला कोन येऊ देत व्हतं?" मग म्हणाली, "पानी गोड व्हतं."

पोरगा उठून बाहेर गेला. मी त्याच्या मागं गेलो नाही. ज्या विहिरीवर त्याची मागची खोली बांधली होती, ती हीच.

त्या रात्री तो माझ्याकडं आला आणि भांडला. चांगला भांडला. म्हणाला, "काका, तुम्ही जमिनीचा इतिहास काढला, विहीर काढली, बाबासाहेब काढले, आजी काढली. आता मला सांगा, मी राहू कुठं? माझं भाडं वाढतंय. माझी पोरगी सातवीत गेली, तिला अभ्यासाला कोपरा नाही. रमाई आवास योजना आहे म्हणता, तिथं गेलो तर म्हणाले, जागा तुझ्या नावावर दाखव. जागा असती तर मी त्यांच्या दारात कशाला गेलो असतो?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. जे भाषणात उत्तर देतात त्यांच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. शहरात घर परवडत नाही म्हणून हा गावाकडं वळला. आणि गावाकडं स्वस्त जे आहे ते अशाच जमिनीवर आहे, हे मला दरवेळी दिसतं. याच वर्षात माझ्याकडं पाच जणांचे कागद आले. दोन गायरानातले. गायरानाची लढाई आपली, दादासाहेब गायकवाडांची. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचा माणूस. 1959 ला आणि पुन्हा 1964 ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखावर माणसं तुरुंगात गेली. त्यातून पुढं भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय 1991 साली झाला. पण तो कसून खाणाऱ्या भूमिहीनासाठी. त्या जमिनीचे प्लॉट पाडून विकायला दादासाहेब तुरुंगात गेले नव्हते. आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सार्वजनिक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितल्यापासून, आणि 2022 मध्ये उच्च न्यायालयात विषय निघाल्यापासून, गायरानातल्या घरांना नोटिसा लागल्यात. नोटीस दलालाच्या घरावर लागत नाही. ज्यानं साडेचार लाख दिले त्याच्या दारावर लागते.

आणखी दोन कागद त्र्यंबक-इगतपुरीकडचे. डोंगर, धबधबा, 'वीकेंड होम'. दोन्हीकडं मूळ खातेदार आदिवासी. तिथं आपल्या एका पदवीधर कार्यकर्त्यानं मला सांगितलं, आपण मागासवर्गीय, आपल्याला चालतं. नाही चालत! महसूल संहितेचं कलम 36-अ बघा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते आणि त्या कायद्यापुढं तू आणि मुंबईचा शेठ सारखेच, दोघंही बिगरआदिवासी. 1957 ते 1974 या काळात गेलेल्या अशा जमिनी परत करायचाही कायदा आहे, 1975 पासून लागू. मी त्याला म्हटलं, पंचाहत्तर वर्षं आपण बोंबलतोय की आमची जमीन बामणानं खाल्ली, पाटलानं खाल्ली. आता ठाकराची जमीन तू खा आणि गच्चीवर बाबासाहेबांचा फोटो लाव. तो रागावून गेला. आज तो इथं नाही, म्हणून सांगतोय असं नाही, असता तरी सांगितलं असतं.

पाचवा कागद खरा निघाला. वर्ग 1, नोंदलेलं खरेदीखत, सूची दोनचा उतारा बरोबर, बोजा नाही. घर रस्त्यापासून आत, छपराला गळती, म्हणून स्वस्त. त्या माणसाला म्हटलं, घे, पत्रे बदल. प्रत्येक स्वस्त घर पापाचंच असतं असा माझा सिद्धांत नाही. नुसतं विचारा, स्वस्त का? गळकं छप्पर हे उत्तर आलं तर ते परवडतं.

आता त्या पोराच्या प्रकरणाचं. त्यानं घर सोडलं. इसाराचे एक्कावन्न हजार परत मागितले. दलाल आधी हसला, मग म्हणाला, समाजाच्या माणसानं समाजाच्या माणसावर केस करायची का? हे वाक्य तुम्हीही ऐकाल. समाज त्याला वर्गणी देताना आठवतो आणि पैसे परत करताना आठवतो, विकताना आठवत नाही. आम्ही वकिलामार्फत नोटीस दिलीय. पैसे निघतील की नाही, सांगता येत नाही. करार बेकायदा म्हटला की त्यातले पैसे सोडवणं अवघड, हे वकिलानं तोंडावर सांगितलं.

बाकीच्या दहा घरांत माणसं राहतात. एक रेल्वेतला गँगमन, एक दवाखान्यातली आया, दोन रखवालदार, बाकीचे असेच. सगळे आपले नाहीत, पण सगळे गरीब. आम्ही त्यांच्या दारोदार जाऊन सातबारा दाखवला. दोघांनी आम्हाला चहा दिला, एकानं कुत्रं सोडलं. त्याचं बरोबरच होतं, त्यानं बायकोचे दागिने मोडलेत.

आणि आजीचा प्रश्न सगळ्यात अवघड. वारस म्हणून तिचं नाव लावायचा अर्ज प्रांताकडं दिलाय, पन्नास वर्षांचा उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज. प्रांतानं नाकारलं तर वर जिल्ह्याला, तिथून वर आपल्या नाशिक रोडच्या आयुक्त कचेरीत, जिच्या फाटकासमोरून आपण रोज जातो. पण यात एक फास आहे, तो लपवणार नाही. शर्तभंग झाला असं ठरलं तर जमीन सरकारजमा होऊ शकते. आजीला परत मिळेलच असं नाही. म्हणजे लुटलं दुसऱ्यानं आणि जप्ती आपली. वकील म्हणतात, आधी नाव लागू दे, शर्तभंगाचं मागाहून बोला. मी म्हणतो, दोन्ही एकदम बोला, नाहीतर अकरांची एकवीस घरं होतील. यावर आमचं एकमत नाही. मी आजीला दोन्ही बाजू सांगितल्या. ती म्हणाली, "जमीन मिळू नाय मिळू, बापाचं नाव कागदाव हाये का तेवढं मला दाखवा." जुन्या फेरफाराची नक्कल तिला नेऊन दिली. वाचता येत नाही तिला. नाव कुठं आहे ते विचारून त्यावर बोट ठेवून बसली होती. नावापुढची जात वाचून दाखवायची की नाही याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात याच पोरानं पूर्ण वाचून दाखवलं.

बुधवारी अकरा वाजता प्रांत कचेरीत तारीख आहे. मला दोघं जण बरोबर पाहिजेत, एक लिहून घ्यायला आणि एक आजीला रिक्षातून आणायला-न्यायला. आणि विहारात रविवारी सकाळी मी असतो. कुणी घरासाठी, प्लॉटसाठी पैसे दिले असतील किंवा देणार असाल, तर नमुना आठ, नोटरी, काय असेल ते घेऊन या. इसार देण्याच्या आधी आलात तर फार बरं.

जयभीम.